डाव्या चाकाचं वंगण

दाजी,

तुमच्या पिंडाला कावळा इतक्या लवकर शिवला, की मला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही.

इंद्रायणीच्या काठी आम्ही सगळे हात जोडून उभे होतो. कावळा अडून बसतो, मग घरातलं एकेक माणूस पुढं होतं, कुणी बैलांचं नीट बघू म्हणतं, कुणी घरधनिणीला अंतर देणार नाही म्हणतं, आणि गेलेल्याचं मन जिथं अडलेलं असेल ते बरोबर सापडलं की तो खाली उतरतो, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. मी त्याच भरवशावर होतो. दहा दिवस मी एक वाक्य मनात घोळवत होतो. सगळ्यांचं बोलून झालं आणि तरी कावळा हलला नाही, की आपण पुढं व्हायचं आणि चार लोकांदेखत ते बोलून टाकायचं, असं ठरवूनच आलो होतो. आणि पिंड ठेवून लोक दोन पावलं मागं सरतात न सरतात, तोच तो जांभळीवरून सरळ खाली आला, घास उचलला आणि गेला. "समाधानानं गेले हो," सगळे म्हणाले. आक्कानं डोळ्यांना पदर लावला. मी एकटाच तोंडात वाक्य धरून उभा राहिलो, गाडी सुटून गेलेल्या उतारूसारखा.

जिवंतपणी तरी तुम्ही माझं कधी पुरतं ऐकून घेतलंत? पण मेल्यावरही इतकी घाई करायची काही गरज नव्हती.

वाक्य लहानच आहे. अकरा वर्षांपूर्वी जत्रेत आपला गाडा हरला, तो तुमच्या वंगणामुळं नाही, माझ्यामुळं. हे तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला कळलंय हे मला कळलं होतं. तरी पुढचे दहा चैत्र आपण एकाच गाड्याच्या दोन बाजूंना बसलो, तंबाखू खाल्ली, जगातल्या सगळ्या विषयांवर भांडलो आणि ह्या एका विषयावर दोघंही मुके राहिलो.

ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही वलवणचे शेतकरी, माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. चैत्रातल्या जत्रेत चढाच्या वाटेवर बैलगाडा पळवणारे. गाडे पुष्कळांचे असतात, बैलही असतात. पण गाड्याच्या चाकात कोणत्या दिवशी कोणतं वंगण घालावं हे विचारायला आसपासच्या पाचसहा गावांतले गाडेवाले तुमच्या ओसरीला यायचे. मी लोणावळ्याला रेल्वेच्या गोदामात कारकून. इंजिनाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव मला पाठ, त्यातल्या एकीचाही उपयोग मला करता येत नाही. घरात खिळा ठोकायचा तर बायको शेजारच्याला बोलावते. तेव्हा वंगणाच्या बाबतीत तुम्हाला शहाणपण शिकवायला मीच योग्य माणूस होतो, हे उघड आहे.

तुमच्या ओसरीच्या वाशाला वेळूच्या तीन नळ्या टांगलेल्या असत. एकीवर कोयत्याची एक खाच, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. तिन्हींत वंगण, पण प्रत्येकीतलं निराळं. एरंडेल घरचं, धरणाच्या काठानं तुम्ही लावलेल्या झाडांचं. त्यात भाताचा पेंढा जाळून, फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळलेली काजळी. एका खाचेच्या नळीत ते पातळच, सकाळच्या गारव्यासाठी. दोन खाचांच्या नळीत काजळी जास्त. तिसऱ्या नळीत ठाकरांकडून आणलेलं मधाच्या पोळ्याचं मेण कढवून घातलेलं, भर दुपारी तापलेल्या चाकातून वंगण वितळून गळून जाऊ नये म्हणून. गाडा पळण्याच्या पाळीला आपल्याकडं बारी म्हणतात, आणि बारी कधी येणार ते चिठ्ठी निघेल तेव्हा कळणार. त्यामुळं तुम्ही तिन्ही नळ्या कमरेला बांधून जत्रेला जायचा. चालताना त्या एकमेकींवर आपटायच्या, आणि "दाजी आले" हे तुम्ही दिसण्याआधीच कळायचं.

चिठ्ठी निघाली की तुम्ही वहाणा काढायचा आणि पळायच्या वाटेवर मधोमध जाऊन अनवाणी उभे राहायचा. तोंड कोकणाकडं. बघणाऱ्याला वाटावं माणूस देवाचं नाव घेतोय. पहिल्या खेपेला मी कोट-टोपीत होतो आणि मला हसू आलं होतं.

"काय करताय दाजी?"

"मातीला इचारतोय."

"काय म्हणते?"

"म्हनती, पाव्हण्याचा कोट चांगलाय, पर हितं त्याचं काय काम न्हाई."

मग परत यायचं, आस दगडावर टेकवून चाक उचलायचं, खीळ काढायची, तुंबा, म्हणजे आस जाते ते चाकाचं मधलं भोक, पुसायचा. शिळ्या वंगणावर ताजं घालायचं नाही हा तुमचा कायदा. चिंधीनं आतलं लाकूड कोरडं होईपर्यंत पुसायचं आणि मग बोटानं नवं भरायचं, आतून बाहेर, आणि शेवटी अनामिका तुंब्याच्या काठावरून एकदा गोल फिरवायची, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं तशी. चाक बसवून एकच हिसका द्यायचा. ते फिरत असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आक्कासुद्धा नाही, मीसुद्धा नाही. चाक हळू व्हायचं, थांबल्यासारखं व्हायचं आणि मग किंचित मागं यायचं, परत किंचित पुढं. "मान डोलावली," तुम्ही म्हणायचा. वंगण जड असलं तर चाक नुसतं थांबतं. बरोबर असलं तर थांबायच्या आधी मान डोलावतं. एवढंच तुमचं शास्त्र.

माझं शास्त्र मोठं होतं. आमच्या शेडमधल्या एका फिटरनं मला डबीभर पिवळं ग्रीस दिलं होतं, आगगाडीच्या आसाचं. ते मी तुमच्यापुढं असं ठेवलं होतं, जसा काही वराचा अहेर. तुम्ही त्यात बोट घातलंत, वास घेतलात.

"ह्ये कशाला लावत्यात?"

"अख्ख्या गाडीचा भार ह्याच्यावर चालतो दाजी. मुंबईहून पुण्याला."

"घाट चढतीया का त्येच्यावर?"

"चढते म्हणजे? रोज चढते."

"मंग पुडं एक इंजिन आन मागं एक इंजिन कशापायी लागतंय? माजी जोडी एकली चढती. तिला मागून ढकलाया कुनी लागत न्हाई."

ओसरीवरचे सगळे हसले. आक्का तर आत जाऊन हसली, म्हणजे जास्तच हसली असणार. मी डबीचं झाकण लावलं. तुमच्या ह्या एका वाक्याला उत्तर शोधण्यात माझी पुढची दोन वर्षं गेली. बोलण्यात ते सापडलं नाही, म्हणून मी ते चाकात शोधायला गेलो.

त्या वर्षी हरण्याची शेवटची जत्रा होती. हरण्या तुमचा डाव्या अंगाचा बैल, वयानं उतरणीला लागलेला. "ह्या साली पळंल, मंग बसून खाईल," असं तुम्ही पाडव्यालाच सांगून टाकलं होतं. आजवर तो दुसरा आला होता, तिसरा आला होता. पहिल्या नंबराचा गुलाल त्याच्या कपाळाला कधी लागला नव्हता. तुम्हाला तो लागायला हवा होता. तुम्ही बोलला नाहीत, पण त्या महिन्यात तुमच्या भाकरीतली अर्धी त्याच्याकडं जायची, आणि आक्का ते बघून न बघितल्यासारखं करायची.

मला वाटलं, आपण हे करून दाखवावं. हरण्याला गुलाल आणि दाजींना धडा, एकाच डबीत. आदल्या दिवशी टळटळीत दुपारी, तुम्ही शेतात असताना, मी डावं चाक काढलं, तुमचं वंगण पुसलं आणि पिवळं भरून बघितलं. हिसका दिला. दाजी, ते चाक असं फिरलं की मला वाटलं आता संध्याकाळपर्यंत थांबत नाही. आणि शेवटी त्यानं मान डोलावली. मी त्याच्यापुढं एकटा बसून हसलो. मग पुन्हा पुसून, तुमच्याच नळीतलं घालून, होतं तसं करून ठेवलं.

जत्रेच्या सकाळी आपली बारी पहिल्या काहींत निघाली. तुम्ही वाटेवर अनवाणी उभे राहून आलात आणि एका खाचेची नळी सोडलीत. दोन्ही चाकं तुम्हीच भरलीत, दोन्हींनीही मान डोलावली. मग तुम्ही आणि आक्का बैलांना घेऊन देवाला नारळ द्यायला गेलात, आणि गाड्यापाशी मला ठेवलंत. राखायला.

पुढचं मी लिहिलं नाही तरी चालेल, पण ते न लिहिता हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मी घाईघाईनं डावं चाक काढलं. तुमचं पातळ वंगण पुसलं, अगदी तुमच्या कायद्याप्रमाणं, लाकूड कोरडं होईपर्यंत. पिवळं भरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं हाताचं काम इतकं नीट केलं. शेवटी अनामिकासुद्धा फिरवली. चाक बसवलं, खीळ ठोकली. हिसका देऊन बघायला वेळ नव्हता, नारळ देऊन तुम्ही परत येताना दिसत होता. आणि बघायचं काय, आदल्या दुपारी बघितलं होतं की. पण आदल्या दुपारी ऊन होतं. त्या सकाळी कोकणातून ढग वर आले होते, माती गार होती आणि माझ्या डबीतलं पिवळं हिवाळ्यातल्या तुपासारखं थिजलेलं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. त्याचा अर्थ मला लागला नाही, एवढंच. तुम्ही पायाखालच्या मातीला विचारत होता. मी रेल्वेला विचारून आलो होतो.

डबी मी जवळच्या पेंढ्याच्या उडवीत खुपसली.

गाडा सुटला आणि पन्नास पावलांत डावीकडं ओढायला लागला. उजवं चाक तुमचं, पळत होतं. डावं माझं, धरून बसलं होतं. हरण्या त्या बाजूला. त्याला वाटलं आपणच कमी पडतोय. मी बघितलं दाजी, त्यानं मान खाली घातली आणि जे काही अंगात उरलं होतं ते सगळं लावलं. वाट सरळ धरायला तो एकटा दोघांचं ओढत होता. वर पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आला होता. पंचांच्या घड्याळात आपली बारी इतकी मागं पडली की नंबर सांगायचीही कुणी तसदी घेतली नाही.

तुम्ही डावं चाक काढलंत. मी पाण्याचा तांब्या घेऊन तुमच्या मागं उभा होतो. त्या तांब्याचं तिथं काही काम नव्हतं, पण हातात काहीतरी हवं होतं. तुम्ही तुंब्यात बोट घातलंत. बाहेर काढलंत. बघितलंत, वास घेतलात आणि मातीला पुसलंत. मागं वळून बघितलं नाहीत. मग चिंधी घेऊन ते सगळं तुम्ही काढलंत, चिंधीची घडी केलीत आणि कमरेला खोचलीत, कुणाला पिवळं दिसू नये म्हणून.

लोक जमलेच. एक पागोटेवाले म्हातारे, जे दरसाल तुम्हाला विचारून वंगण घालायचे, म्हणाले, "काय झालं? गाडा वडत व्हता."

आणि तुम्ही म्हणालात, "वंगान माजं चुकलं. हवा वळकता आली न्हाई."

दाजी, गाड्यापासून तुमच्यापर्यंत पाच पावलांचं अंतर होतं. मी ती पाच पावलं चाललो नाही. तांब्या घेऊन उभा राहिलो. पुढच्या साली ओसरीवर विचारायला येणारे निम्मे झाले. त्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं दुसरा कुणीतरी शोधला. तुम्ही तिन्ही नळ्या कमरेला बांधून जायचात, त्या आपटायच्या, आणि लोक पूर्वीसारखे वळून बघायचे नाहीत.

त्या संध्याकाळी तुम्ही हरण्याला ओढ्यावर धुतलंत आणि घरातल्या देवापुढचा गुलाल आणून त्याच्या कपाळाला लावलात. आक्का म्हणाली, "हरलेल्याला लावत्यात व्हय?" तुम्ही म्हणालात, "लावू ने आसं कुटं लिवलंय? पळाला त्यो. हरलं दुसरंच कायतरी." मी तेव्हा उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होतो. नाडी बांधून झाली, सोडली, पुन्हा बांधली. मग लोणावळ्याला चालत आलो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, हरलो. तेवढं खरं होतं.

डबी शोधायला मी चार दिवसांनी गेलो. उडवी पार उलटीपालटी केली, सापडली नाही. बैलानं खाल्ली असावी अशी मी मनाची समजूत घातली, ह्यावरून माझी मनःस्थिती लक्षात येईल.

पुढच्या चैत्रात मी येणार नव्हतो. कामाचं निमित्त ठरवून ठेवलं होतं. तुम्ही आदल्या दिवशी स्वतः लोणावळ्याला आलात, गोदामाच्या दारात उभे राहिलात, आणि साहेबाच्या देखत म्हणालात, "पाव्हणं, उद्या लवकर या. डावं चाक तुमचं."

"माझं म्हणजे?"

"मंजी उजवं मी भरनार, डावं तुमी. माजं आता वय झालं, दोन दोन चाकं व्हत न्हाईत."

तुमचं वय झालं नव्हतं. त्या वर्षीही तुम्ही पोतं एका हातानं उचलत होता. मला वाटलं, ही शिक्षा आहे. दरसाल त्याच चाकापाशी बसवायचं आणि काही बोलायचं नाही, ह्याहून मोठी शिक्षा काय असणार. मी आलो. तुमची नळी घेतली, तुमच्यासारखं पुसलं, तुमच्यासारखं भरलं. हिसका दिला. चाकानं मान डोलावली. तुम्ही तंबाखू चोळत म्हणालात, "बरंय."

तेव्हापासून डावं चाक माझं. गोदामातल्या लोकांना मी हे सांगायचो, आणि बढती मिळाल्यासारखं सांगायचो. खरंच सांगतो, नोकरीतल्या बढतीनं मला इतकं बरं वाटलं नाही. माझ्या हाताला आयुष्यात एकच काम आलं, आणि ते मी तुमच्यावर केलेल्या अन्यायातून आलं. ह्याला काय म्हणावं मला कळत नाही. पुढं दोन जत्रांना आपली बारी भर दुपारी आली, तीन खाचांची नळी निघाली, आणि दोन्ही वेळा गुलाल आला. हरण्या तोवर गोठ्यात बसून खात होता. दुसऱ्या वेळी तुम्ही मला गर्दीतून हाक मारलीत, "बगितलं का पाव्हणं? ह्याला मेन लागतंय. इंजिन न्हाई." मी मान डोलावली. चाकासारखीच.

एकदा मी बोलणार होतो. हरण्या गेला त्या दिवशी. त्याला पुरून आपण दोघं बांधावर बसलो होतो. म्हटलं, "दाजी, त्या साली..." तुम्ही हात वर केलात, चाक फिरत असताना करायचा तसा. आणि ह्या माघात, तुम्ही अंथरुणाला खिळलेले, मी उशाशी बसलेला. पुन्हा म्हटलं, "दाजी, एक सांगायचं होतं." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "बैलास्नी पानी दावलं का बगा." मी बघायला गेलो. दावलेलं होतं. परत आलो तर तुमचा डोळा लागला होता. चार दिवसांनी तुम्ही गेलात, आणि मग कावळा तसा वागला.

परवा जत्रा झाली. दुखवट्याचं वर्ष, आपला गाडा जायचा प्रश्न नव्हता. मी घरीच होतो, तर आक्काचा निरोप आला, "ये." गेलो. गाडा तिनं अंगणात ओढून ठेवला होता, आस दगडावर टेकवलेली.

"गाडा पळनार न्हाई," ती म्हणाली, "पर आजच्या दिशी चाक सुकं ठेवायचं न्हाई. त्यांनी कदी ठेवलं न्हाई."

ओसरीवरून तिनं तिन्ही नळ्या काढून आणल्या. मी वहाणा काढून अंगणात उभा राहिलो. कोकणाकडं तोंड केलं. मातीनं मला काही सांगितलं नाही. माझी तशी ओळख नाही. ऊन चढलं होतं एवढं तळपायाला कळलं, म्हणून तीन खाचांची घेतली. आक्का बघत होती.

"तीच घ्यायची," ती म्हणाली. आणि मग आत जाऊन एक डबी घेऊन आली. "आन ह्यातलं करंगळीभर त्यात कालवायचं."

रेल्वेची डबी. झाकणाला गंज चढलेला. तळाशी पिवळं.

मी बसलोच खाली. "ही कुठं मिळाली?"

"उडवीत. त्यांनाच घावली, त्याच दिशी." आक्का माझ्याशेजारी टेकली. "दुपारची बारी आसली की तुज्या नकळत नळीत करंगळीभर घालायचे. म्हनायचे, गारव्यात ह्ये कामाचं न्हाई, पर तापल्यावर मेनापरीस बरं. पाव्हण्याला सांगू नको म्हनायचे, डोक्यावर बसंल."

म्हणजे ते दोन गुलाल. आणि ते "मेन लागतंय, इंजिन न्हाई." दाजी, इतका लबाड माणूस मी पाहिला नाही. आपलं एवढं भांडण, त्यातलं अर्धं मी जिंकलो होतो, आणि हे मला कळलं ते तुमच्या तोंडून ऐकायची सोय उरली नाही तेव्हा.

"म्हणजे त्यांनी तुला सगळं सांगितलं होतं?"

"त्याच रातच्याला. भाकरी खाताना."

"काय म्हणाले?"

आक्का थोडा वेळ नळीची खाच नखानं खरवडत राहिली. "म्हनाले, तुज्या भावानं पिवळं भरलं. बैलाला लय जड गेलं. पर हात बगायचा गं त्याचा. कुटं बोटभर जागा सुकी ठेवली न्हाई. आपल्या घरात आसा हात कुनाचा न्हाई. पुडल्या साली डावं चाक त्याला द्यायचं."

"मग मला बोलले का नाहीत? एकदा शिवी तरी द्यायची."

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनाले, बोललो तर त्यो चाकाला पुन्यांदा हात लावनार न्हाई."

"आणि तू? अकरा वर्षं?"

"तू कुटं इचारलंस?"

लांबून, पळायच्या वाटेकडून हलगीचा आवाज येत होता. कुणाची तरी बारी सुटली असावी. मी रडलो, हे तुम्हाला आक्कानं सांगितलं असतं, म्हणून मीच सांगतो.

मग उठून डावं चाक भरलं. ते माझं, त्यात नवीन काही नाही. उजव्या चाकाची खीळ काढली, चाक ओढलं, आणि हात थांबला. आत तुमचं गेल्या सालचं वंगण होतं. पळून पळून आतलं सगळं एक झालेलं, पण काठावर, जिथं धूळ पोचत नाही, तिथं तुमच्या अनामिकेचा गोल माग जसाच्या तसा होता. तेवढं एक तुमच्या हातचं राहिलेलं. मी चिंधी हातात घेऊन उभा.

"राहू दे का हे?" मी विचारलं. "वरून थोडं ताजं घालतो."

"पूस," आक्का म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "शिळ्यावर ताजं घातलेलं त्यांना खपलं नसतं."

पुसलं. लाकूड कोरडं होईपर्यंत. काठ सगळ्यात शेवटी. मग नवं भरलं, आतून बाहेर, करंगळीभर पिवळं कालवलेलं, आणि माझं बोट तुमच्या मागावरून एकदा गोल फिरवलं. चाक बसवलं, हिसका दिला. आम्ही दोघं बोललो नाही. ते पुष्कळ वेळ फिरलं. हळू झालं, थांबल्यासारखं झालं आणि किंचित मागं आलं.

"बरंय," आक्का म्हणाली.

लोणावळ्याला येऊन मी हात तीनदा धुतले. राखेनं, साबणानं, मग पुन्हा राखेनं. बायको म्हणाली, उद्या कचेरीत काय सांगणार? नखांतलं काळं गेलं नाही, आणि मीही फार जोर केला नाही. हे लिहिताना कागदाच्या उजव्या कोपऱ्यावर एक डाग पडलाय, बोटाएवढा. हा लेख छापून येईल तेव्हा डाग त्यात नसेल, छापणारा तो कचरा समजून सोडून देईल. त्याची काही चूक नाही. पण मूळ कागद मी आक्काकडं देणार आहे. त्या दिवशी तुम्ही कमरेला खोचलेली चिंधी अजून तिच्या पेटीत आहे, परवा तिनं दाखवली, पिवळी, घडी केलेली. तिच्याशेजारी ठेव म्हणणार आहे. माझा डाग तुम्ही झाकलात तो तिथं आहे. हा तुमचा आहे, उजव्या चाकातून पुसलेला.